उद्या किती लाद्या?

बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काय काम, असं मला आजवर इतक्या लोकांनी विचारलंय की आता त्याचा राग येत नाही. नोकरीला लागले त्याच वर्षी दिवाळीच्या फराळाला माझ्या चुलतभावानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय गो, यंत्र तापतं म्हणून बर्फावर ठेवतात काय?" सगळे हसले. मीही हसले, कारण खरं उत्तर तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. आता निवृत्त झाले आहे, उत्तर ठाऊक आहे आणि सांगायला फुरसतही आहे.

१९९८ साली मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या त्या कारखान्यात संगणक विभागाची प्रमुख म्हणून रुजू झाले. विभागात मी, एक कॉम्प्युटर आणि घरघरणारा एक प्रिंटर. माझ्या हाताखाली कोणीच नव्हतं, पण पाटीवर 'प्रमुख' लिहिलेलं होतं आणि ती पाटी मी रोज पुसत असे.

आधी धंदा समजून घ्या. पाण्यानं भरलेले पत्र्याचे डबे थंडगार खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडायचे. कॉम्प्रेसर ते खारं पाणी शून्याच्या खाली ठेवतो, आणि साधारण एक दिवस-रात्र गेली की डब्यात बर्फाची लादी धरते. ती मच्छीमार घेतात, फोडून होडीत भरतात आणि समुद्रावर जातात. येताना मासे त्याच बर्फात. सोपं वाटतं. अडचण अशी, की आज संध्याकाळी डबे भरायचे ते उद्या संध्याकाळच्या गिऱ्हाइकासाठी. लाद्या कमी पडल्या तर होड्या शेजारच्या कारखान्यात जातात आणि तिथेच रमतात. जास्त झाल्या तर डोळ्यांदेखत पाणी होतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात माल इतक्या उघडपणे मालकाची चूक दाखवत नसेल.

म्हणून रोज संध्याकाळी आमचा फोरमन भिकाजी ऑफिसच्या दारात येऊन उभा राही आणि एकच प्रश्न विचारी, "नाना, उद्या किती?"

नाना म्हणजे आमचे मालक. उत्तर देण्याआधी ते धक्क्यावर एक चक्कर मारून आलेले असत. तिथे कोणाशी काय बोलत, आभाळात काय बघत, कोणाला ठाऊक नाही. परत येऊन चष्मा पुसता पुसता आकडा सांगत. भिकाजी तो घेऊन जाई. नंतर नाना माझ्याकडे वळून म्हणत, "बाय, आता तुझ्या डब्याला पण कळव." मी आकडा टाइप करीत असे. माझा कॉम्प्युटर हा झाल्या गोष्टीची वार्ता ऐकणारा शेवटचा माणूस होता, आणि हे मला मनापासून लागत असे.

मी वाचलं होतं की माहितीचा उपयोग निर्णयाच्या आधी झाला पाहिजे. झालेल्या विक्रीची बेरीज कोणीही करील. उद्याचा अंदाज देईल ती खरी व्यवस्था. म्हणून वर्षभराची विक्री साठली तशी मी स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. गेल्या वर्षी याच तारखेच्या आसपास किती लाद्या गेल्या, त्याची सरासरी काढायची आणि उद्यासाठी सुचवायची. पहिल्या दिवशी कागद नानांसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला.

पुढचे काही आठवडे मी माझा अंदाज गुपचूप नानांच्या आकड्याशी ताडून पाहिला. माझा इतका चुकत होता की टेबलाखाली ठेवलेल्या कागदाचा उपयोग जास्त झाला म्हणायचा.

उकल झाली ती संकष्टीमुळे. आमच्याकडे आईची आणि माझी संकष्टी असते. चंद्र उगवला की आरती, मग मोदक. एका संकष्टीला आई ताट वाढताना म्हणाली, "बरं आहे हो तुझं ऑफिस. चतुर्थीला कधी म्हणून उशीर करीत नाही." मी मोदक फोडता फोडता थांबले. खरंच होतं ते. त्या दिवशी काम असं नसायचंच. आणि विनायकीला? विनायकीला तर दुपारी जेवणाचा डबा उघडायला सवड मिळत नसे, दारात टेम्पोंची रांग. दोन्ही चतुर्थीच, पण एक पौर्णिमेनंतरची आणि एक अमावास्येनंतरची.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर उतरवलं आणि विक्रीच्या आकड्यांशेजारी तिथी मांडत गेले. सगळं लख्ख दिसलं. ट्रॉलरवाले चार-पाच दिवसांच्या फेरीला जातात, त्यांचा बर्फ ठरलेला असतो. खाली-वर होतं ते पर्सनेटवाल्यांमुळे, म्हणजे थव्याला जाळ्याचा गोल वेढा घालणाऱ्यांमुळे. त्यांना काळोख लागतो, कारण काळोख्या रात्री बांगड्या-तारलीचा थवा हलला की पाणी चमकतं आणि कुठे जाळं टाकायचं ते कळतं. चांदण्यात ते दिसत नाही. बंदरावर हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मलाही कोणी विचारलं असतं तर 'हो की' म्हटलं असतं. फक्त कॉम्प्युटरला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला आपली एक ते एकतीस एवढीच दुनिया माहीत.

मग मी तिथ्या भरायला घेतल्या. रविवारी फ्लॉपी घेऊन एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसले. शेजारी आई, नाकावर चष्मा, हातात कॅलेंडर, आणि पूजा सांगावी तशा सुरात ती तिथ्या वाचत होती. एका पंधरवड्यात एकच नाव एकदाच येणार, असं मी प्रोग्रॅमला बजावून ठेवलं होतं. कार्तिकापर्यंत गाडी छान गेली. तिथे आई म्हणाली, "एकादशी." मी टाइप केलं. आई म्हणाली, "एकादशी." मी म्हटलं, "झाली गो आई ती." ती म्हणाली, "झाली ती स्मार्त. ही भागवत." मी भरली, तर पडद्यावर संदेश, ही नोंद आधीच केलेली आहे. पुन्हा भरली, पुन्हा तेच.

आईनं चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. "तुझं यंत्र स्मार्त दिसतंय," ती म्हणाली.

पुढे एक तृतीयाच गायब निघाली, क्षयतिथी. तेव्हा मी हात टेकले आणि साधा मार्ग काढला. तिथीचं नावच नको, अमावास्येपासून कितवी रात्र एवढंच मोजायचं. मग क्षय नाही, वृद्धी नाही, अधिक महिनाही आडवा येत नाही. आईला हे फारसं पटलं नाही. तिच्या मते मी एकादशीचा अपमान केला होता.

नवा अंदाज नानांच्या आकड्याच्या जवळ येऊ लागला. नानांना मी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं, कारण माझे कागद टेबलाखाली जायचे थांबले. ते वाचून खिशात ठेवीत आणि मगच धक्क्यावर जात. विचारत मात्र कधीच नसत.

बंदरावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. दाऊदभाई म्हणून एक नाखवा होते, त्यांच्या दोन होड्या. ते संध्याकाळी खिडकीशी येऊन विचारू लागले, "काय बोलते तुजी पेटी?" मी आकडा सांगे. एकदा आकडा कमी निघाला तेव्हा ते मागच्या लोकांना म्हणाले, "आज जाव नको. पेटी नको बोलते." आणि तीन-चार होड्या खरंच गेल्या नाहीत. मग लाद्या आणखी कमी खपल्या आणि माझा अंदाज त्या दिवशी चुकला. म्हणजे माझ्या अंदाजामुळेच माझा अंदाज चुकला. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा धोका मी नंतर वाचला. त्यानंतर मी खिडकी लावून घेऊ लागले.

त्याच दाऊदभाईंनी मला आणखी एक गोष्ट दाखवून दिली. "तुज्या कालनिर्णयाच्या हिशोबात आमचा जुम्मा कुठाय?" खरंच नव्हता. शुक्रवारी बऱ्याच होड्या किनाऱ्याला असतात. मी शुक्रवारासाठी रकाना घातला, ईद आणि रमजानसाठी घातला. "चांद तर एकच हाय ना," ते म्हणाले. मला ते फार आवडलं.

एका सप्टेंबरात नाना आजारी पडले. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचाही. त्यांना मुंबईला नेलं. गणपतीनंतरचा, अगदी भर हंगामाचा काळ. महिना-दीड महिना भिकाजी माझ्या दारात येऊन विचारी, "बाय, उद्या किती?" आणि मी कागदावर असेल ते सांगे. कारखाना चालला, पण मालकाशिवायचं घर तसं सगळं उसनं वाटत होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला नानांचा मुलगा मिलिंद पुण्याहून आला. तो तिथे यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर होता. माणूस सभ्य, कामसू, वडिलांच्या काळजीनं उतरलेला. त्यानं आल्या आल्या माझ्याकडे मासिक अहवाल मागितले आणि मी दिले. दोन दिवस वाचून त्यानं मला आणि भिकाजीला बोलावलं.

"मॅडम, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा या ऑक्टोबरची विक्री बरीच खाली आहे," तो म्हणाला. "हा आठवडा तर बघवत नाही. दोन टाक्या चालवण्यात अर्थ नाही. सोमवारपासून दुसरी टाकी बंद. त्या टाकीवरच्या माणसांना पुढच्या हंगामात बघू."

आकडे माझेच होते आणि बरोबर होते. भिकाजी देवरूखच्या पलीकडच्या एका वाडीतला, आणि दुसऱ्या टाकीवरची सगळी माणसं त्यानंच आणलेली, भाऊबंदच. त्यांच्या वाडीतले बाकीचे पुरुष मुंबईला. हे तेवढे या टाकीमुळे घराजवळ राहिलेले, शनिवारी घरी जाऊन सोमवारी परत येणारे.

"मंग आमी पन मुंबयला जाताव," भिकाजी म्हणाला. त्यात धमकी नव्हती. "पन साहेब, टाकी गरम झाली तं लगेच नाय थंड होत. दिवस जातात. आनी मानसं गेली का परत नाय येत."

मिलिंद म्हणाला, "मला समजतंय. पण आकडे समोर आहेत."

तेव्हा मी म्हटलं, "आकडे समोर आहेत, पण उलटे धरलेत. मला दुपारपर्यंत वेळ द्या."

एवढं उद्धटपणे मी त्याआधी कोणाशी बोलले नव्हते. आजही आठवलं की बरं वाटतं.

मी चार कागद छापले. पहिले दोन म्हणजे गेल्या वर्षीची आणि या वर्षीची विक्री, तारखांप्रमाणे. दुसरे दोन म्हणजे तीच विक्री, अमावास्येपासूनच्या रात्रींप्रमाणे. आमच्या प्रिंटरला रेघ ओढता येत नव्हती, तो फुल्या मारायचा, त्यामुळे आलेख रांगोळीच्या ठिपक्यांसारखे दिसत. दुपारी मी मिलिंदला खिडकीपाशी बोलावलं आणि तारखांचे दोन कागद एकावर एक ठेवून काचेला टेकवले. मागून ऊन येत होतं. एका वर्षीच्या फुल्या वर चढत होत्या तिथे दुसऱ्या वर्षीच्या खाली उतरत होत्या.

"बघा," मी म्हटलं, "गेल्या ऑक्टोबरात दोन काळोख होते, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. या ऑक्टोबरात एकच, मधोमध. दोन्ही टोकांना चांदणं. धंदा उतरलेला नाही, चंद्र सरकलाय."

मग दुसरे दोन कागद टेकवले. फुल्यांवर फुल्या बसल्या. सगळ्या नाही, पण लांबून एकच आलेख वाटावा इतक्या.

मिलिंदनं ते कागद स्वतः पुन्हा एकावर एक लावून पाहिले. त्याच्या पुण्याच्या कारखान्यात महिना म्हणजे महिना, तिथे चंद्राचा काय संबंध. "हे बाबांनी शिकवलं तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"नाही. संकष्टीनं."

तो हसला, मग पुन्हा गंभीर झाला. "मॅडम, तिथी बघून कारखाना चालवतो म्हटलं तर माझे मित्र मला वेड्यात काढतील."

"तिथी म्हणू नका. रात्री उजेड आहे की नाही, एवढंच आहे ते."

"आणि चुकलं तर?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. चुकणार नाही असं ठासून सांगितलं असतं तर त्यानं ऐकलंही असतं. पण माझ्या कामाचा तो धर्म नाही. मी म्हटलं, "चुकू शकतं. मागे काय झालं ते मी सांगू शकते. पुढचं ठरवायचं तुम्हाला. खुर्ची तुमची आहे."

तो ते कागद घेऊन बाहेर पडला आणि धक्क्याच्या दिशेनं गेला, अगदी नाना जात तसाच. चालही तीच, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. दिवस मावळता परत आला. भिकाजी दारात उभाच होता.

"दुसरी टाकी चालू राहू दे," मिलिंद म्हणाला. "दिवाळीच्या अमावास्येपर्यंत."

नंतरचे आठ दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर होती. तोवर कॉम्प्रेसर धडधडत होता, टाकी गार होती आणि गिऱ्हाईक तुरळक. मिलिंद माझ्या टेबलावरून येता-जाता काही विचारत नसे. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. घरी आई पहाटे उठून चकल्या तळत होती आणि मी खिडकीतून चंद्राची कोर बघत होते. कधी एकदा हा जातोय असं मला झालं होतं. चंद्राला असं कोणी म्हटलं नसेल.

वसुबारसेच्या संध्याकाळी दाऊदभाई आले. "पेटी काय बोलते ते नको सांगू," ते म्हणाले. "आज सगळे जातत. काळोख हाय, पुढं रमजान हाय. जेवडा बर्फ हाय तेवडा काढ."

धनत्रयोदशीला सकाळी मासे भरलेल्या होड्या धक्क्याला लागल्या. मुंबईकडे आणि गोव्याकडे माल नेणारे टेम्पो महामार्गावरच्या हातखंब्यापासून खाली येऊन आमच्या फाटकाशी उभे राहिले. होड्यांना बर्फ, टेम्पोंना बर्फ, लिलावातल्या टोपल्यांना बर्फ. पहिली टाकी दुपारीच रिकामी झाली. दुसरीतल्या लाद्या निघत होत्या तशा जात होत्या. बाहेर आले तर मिलिंद पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात लोखंडी आकडा घेऊन भिकाजीच्या बरोबरीनं लाद्या ओढत होता. शेजारच्या कारखान्यातून माणूस आला, आमच्याकडचा संपला, थोडा द्याल का विचारायला. मिलिंदनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, देऊ का?" सकाळपर्यंत मी मॅडम होते.

लक्ष्मीपूजनाला भिकाजी आणि त्याची माणसं घरी गेली नाहीत. त्यांनी दोन्ही कॉम्प्रेसरना हार घातले, मग ऑफिसात येऊन माझ्या कॉम्प्युटरची पूजा केली. भिकाजीनं भक्तिभावानं की-बोर्डवर चिमूटभर कुंकू वाहिलं. एंटरचं बटण पुढे आठवडाभर अडकत होतं. मी ते साफ करायला कोणाला हात लावू दिला नाही.

ती टाकी नंतर कधीच बंद झाली नाही. पुढे नवे कॉम्प्युटर आले, रंगीत आलेख आले, पुण्याहून एक कंपनी येऊन फार मोठा प्रोग्रॅम बसवून गेली. त्यातही अमावास्येपासूनच्या रात्रींचा रकाना मिलिंदनं हट्टानं घालून घेतला. त्या लोकांनी विचारलं हे काय, तर म्हणाला, "हे आमच्या ताईंचं आहे." या एका वाक्यावर मी पुढची सगळी नोकरी आनंदानं केली.

पण मला शेवटी सांगायचंय ते वेगळंच. नाना शिमग्याच्या आधी रत्नागिरीला परतले. चाकाच्या खुर्चीतून एका संध्याकाळी त्यांना ऑफिसात आणलं. तोंड थोडं वाकडं, शब्द जड, पण डोळे तेच. नेहमीच्या वेळी भिकाजी दारात आला आणि सवयीनं बोलून गेला, "नाना, उद्या किती?" मग त्याची त्यालाच चूक कळली आणि तो खाली बघू लागला.

नानांनी मान हळूहळू वळवली, माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी मला आकडा सांगितला होता, विचारला कधीच नव्हता. एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले, "बाय... उद्या... किती?"

मी पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला.

नानांनी तो ऐकला. डोळे मिटले. मग खिडकीतून बराच वेळ आभाळाकडे पाहिलं, आणि डावा हात उचलून पाचही बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"धा वाढवू म्हनतात," भिकाजी म्हणाला.

दहा वाढवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीत एकही लादी उरली नाही. त्या दहा लाद्या कुठल्या रकान्यात भरायच्या, ते मला निवृत्त होईपर्यंत ठरवता आलं नाही.